आधी काय दळलं होतं

सकाळी सव्वादहाला गणराजने माझ्या टेबलावर एक राखाडी झाकण आणून ठेवलं आणि त्याच्या कडेवर बोट टेकवलं. तिथे केसाएवढी बारीक काळी रेघ होती. गणराज आमच्या कंपनीत प्लॅस्टिक ओतायच्या मशीनवर नऊ वर्षं उभा आहे, फार बोलत नाही. "आधीचा माल आहे, मॅडम," एवढंच म्हणाला. रात्रपाळीत त्या मशीनवर काळं प्लॅस्टिक चाललं होतं, सकाळी राखाडी लावलं. रंग बदलला की सुरुवातीचे नग फेकून द्यायचे असतात, मशीनच्या पोटात राहिलेलं जुनं सगळं बाहेर पडेपर्यंत. "किती फेकले?" मी विचारलं. "वीस. कागदावर लिहिलंय तेवढे." "वीस पुरले नाहीत. चाळीस फेका." असलं बोलणं माझं रोज चालतं. महाळुंग्याच्या या कंपनीत मी अकरा वर्षं क्वालिटीला आहे, आणि नवीन पोरं आली की पहिल्या दिवशी मीच त्यांना सांगते, मशीन चकाचक दिसलं म्हणून हुरळून जाऊ नका, आधी विचारा, याच्यावर याच्याआधी काय चाललं होतं. मी माल नाकारल्याच्या लाल चिठ्ठीवर सही करायला घेतली. मृदुला एवढं लिहून झालं, आडनाव राहिलं होतं, आणि हात तिथेच थांबला. गुरुवारी संध्याकाळी साहेबरावांच्या गिरणीत खिमटाचा डबा घेऊन उभी असलेली मी मला दिसले. साहेबरावांना मी हा प्रश्न विचारला नव्हता.

खिमट म्हणजे काही मोठं प्रकरण नाही. तांदूळ आणि मुगाची डाळ धुवायची, पंचावर पसरून सावलीत वाळवायची, मंद आचेवर भाजायची, थोडं जिरं घालायचं आणि रवाळ दळून आणायचं. मग रोज दोन चमचे पाण्यात शिजवले की दहा मिनिटांत बाळाचं जेवण तयार. केयूर सहा महिन्यांचा झाला तशी मी कामावर रुजू झाले, आणि तेव्हापासून माझे शनिवार यातच जातात. खिमट, मोड आणून वाळवलेल्या नाचणीचं सत्त्व, खारकेची पूड. पाकिटं भरते, त्यांवर तारखा घालते, आधीचं पाकीट आधी संपवा असं दुर्गाबाईंना बजावते. दुर्गाबाई दिवसभर केयूरला सांभाळतात. मुकुंद, माझा नवरा, म्हणतो, तू ओट्याचीसुद्धा कंपनी करून टाकलीस. मग करू नको तर काय करू? दहा महिन्यांचं मूल घरी टाकून दिवसाचे दहा तास बाहेर राहणाऱ्या बाईकडे त्याला द्यायला दुसरं असतं काय? मोशीतून सकाळी साडेसातला स्कूटर काढताना तो बहुधा झोपलेला असतो, परत येते तेव्हा पेंगुळलेला असतो. मधल्या वेळात त्याच्या पोटात जे जातं ते माझ्या हातचं असतं. एवढ्या एका आधारावर मी हेल्मेट डोक्यात घालते. मला लाज वाटायची गरज नाही, मी बाहेरचं काही देत नाही, पाकीटबंद देत नाही, असं मी ऑफिसातल्या बायकांना सांगते आणि सांगताना माझा आवाज जरा चढतो, हे मला ठाऊक आहे.

आणि शेंगदाणे. संक्रांतीनंतरच्या रविवारी आम्ही केयूरचं बोरन्हाण केलं. काळं झबलं, हलव्याचे दागिने, डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, खाली सोसायटीतली वीसेक पोरं वेचायला वाकलेली. कुणीतरी कौतुकानं तिळगुळाच्या वडीचा कण त्याच्या ओठाला लावला. कुणी ते शेवटपर्यंत कळलं नाही, आणि कळून तरी काय केलं असतं. दहा मिनिटांत त्याचे ओठ सुजले. मग डोळे. हलव्याच्या मुकुटाखाली ते तोंड माझ्या मुलाचं राहिलंच नाही. तो रडत होता आणि रडताना श्वासाबरोबर एक बारीक शिट्टी वाजत होती. भोसरीच्या दवाखान्यात पोचेपर्यंत ती शिट्टी मी मांडीवर ऐकली, दागिने काढायचंही सुचलं नाही. डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि म्हणाले, तीळ नाही, शेंगदाणा. कणभरही नको. पुढच्या वेळी याहून वाईट होऊ शकतं. सासूबाई फोनवर साताऱ्याहून म्हणाल्या, "आमच्या वेळी नव्हतं बाई असलं काही, एवढी पोरं वाढली कुटावरच." पण पुढच्या वेळी आल्या तेव्हा पिशवीत कूट नव्हता, त्याबद्दल मी त्यांना मनातल्या मनात शंभर गोष्टी माफ केल्या. आमच्या घरातून शेंगदाणा गेला. मराठी स्वयंपाकघरातून शेंगदाणा काढून बघा, मग कळेल तो कुठे कुठे बसलेला असतो. कोशिंबिरीत, भरल्या वांग्यात, पोह्यांत, चटणीत, अळूच्या भाजीत. बरण्या धुतल्या, मिक्सरचं भांडं नवीन आणलं, फ्रिजच्या दारावर औषधाचं प्रमाण लिहून चिकटवलं. मुकुंद पोह्यांकडे बघून उसासा टाकायचा, त्याच्यावर मी खेकसायची. इतकं सगळं केलं.

मग मागच्या आठवड्यात मिक्सर जळला. एरवी शेजारून मागितला असता, पण शेंगदाण्याचा कूट काढलेल्या मिक्सरला मी हात लावणार नव्हते. मोशी गावठाणात साहेबरावांची गिरण आहे. मोठी चक्की गहू-ज्वारीची, एक बेसनाची, आणि कोपऱ्यात एक छोटी, किलो-दोन किलोची किरकोळ दळणं दळायला. त्या छोट्या चक्कीत लोक मिरचीसुद्धा दळतात हे मला माहीत होतं, म्हणून मी चार दिवस विचार केला. विचार करून मला जे सुचलं त्याचा मला फार अभिमान वाटला होता. एकादशीच्या आदल्या दिवशी साहेबराव ती छोटी चक्की उघडून धुतात. उपासाच्या पिठाला धान्याचा कण लागायला नको म्हणून. गावातल्या बायका साबुदाणा, वरी, राजगिरा घेऊन येतात आणि चक्कीत डोकं घालून बघतात, पांढरं स्वच्छ कापड फिरवून बघतात. त्यांच्याइतकी कडक तपासणी आमच्याकडे गिऱ्हाइकाची माणसंसुद्धा करत नाहीत. त्या दिवसाइतकी स्वच्छ चक्की महिन्यात दुसऱ्या दिवशी मिळायची नाही. म्हणून मी मुद्दाम गुरुवारी गेले. "मशीन धुतलंय ना?" मी विचारलं. "म्हंजे काय, ताई! सक्काळीच धुतलंय. पन तुमचं धान हाय, उपासाचं समदं उरकल्याबिगर न्हाई टाकता येनार. ठिवून जा. उपासाचं संपलं की पयलं तुमचंच टाकतो, दुसऱ्या कुनाचं न्हाई." पहिलं माझंच. मी त्यांचे आभार मानले. शनिवारी डबा घरी आणून उघडला तर इतका खमंग वास आला की मी मुकुंदला हाक मारून तो वास दिला. "बघ, घरच्या मिक्सरला हा वास येत नव्हता," मी म्हणाले.

उपासाला काय चालतं? साबुदाणा चालतो, वरी चालते, राजगिरा चालतो, शिंगाडा चालतो. अर्धवट सही केलेली चिठ्ठी समोर धरून मी हे पोरीबाळींसारखं बोटांवर मोजलं आणि पाचव्या बोटाला थांबले.

जुनं पाकीट रविवारी संपलं होतं. नवीन आज उघडायचं होतं. केयूरच्या जेवणाची वेळ अकरा.

आमच्याकडे फोन आत नेता येत नाही. गिऱ्हाइकाच्या नवीन गाडीचे भाग बनतात, कुणी फोटो काढायला नकोत, म्हणून फाटकावर लाकडी खणांत फोन ठेवायचे. मशीनच्या शेडपासून फाटक पावणेचारशे पावलांवर आहे. मी पळाले नाही, सुरक्षेच्या नियमात आत पळायला बंदी आहे आणि ती बंदी माझ्या पायांना पाठ होती. पिवळ्या पट्ट्यांच्या मधून झपझप चालत गेले, मला माझीच चीड आली, तरी पळाले नाही. फोन हातात आला तेव्हा दहा पंचवीस झाले होते. दुर्गाबाईंचा फोन वाजत राहिला आणि बंद झाला. पुन्हा लावला. पुन्हा. मग आठवलं. केयूर दहा ते अकरा झोपतो, त्या वेळात फोनचा आवाज बंद ठेवायचा, हे मीच सांगितलं होतं. एकदा त्यांचा फोन खणखणला आणि तो उठला म्हणून मी अर्धा तास बोलले होते. सोसायटीच्या फाटकावर फोन लावला. रखवालदाराला म्हटलं, वर जाऊन बेल वाजवा, बाईंना सांगा बाळाला काही भरवू नका. तो भला माणूस गेला. सात मिनिटांनी त्याचा फोन. "मॅडम, बेल वाजतच नाय. दार ठोकलं, कोणी उघडत नाय." बेलची बॅटरी मी काढून ठेवली आहे. आणि मी किंवा मुकुंद सोडून कुणालाही दार उघडायचं नाही, अगदी शेजारच्या जोशी काकू आल्या तरी नाही, हाही नियम माझाच. माझ्या घराला मी असं चहूबाजूंनी बंद केलं होतं की आता मलाच आत शिरता येत नव्हतं.

स्कूटर काढता काढता साहेबरावांना फोन लावला. मागे चक्कीची घरघर. "साहेबराव, माझ्या खिमटाच्या आधी छोट्या चक्कीत काय दळलं होतं?" "आँ? उपासाचंच की ताई, दुसरं काय?" "उपासाचं काय? शेवटचं काय होतं, आठवून सांगा." ते थांबले. चक्कीची घरघर बंद झाली, त्यांनी पट्टा सोडला असावा. "राजगिरा झाला, मंग वरी झाली... शेवटाला त्या शालनबाईंचं शेंगदानं. दोन किलो, कूट काढून न्हेला. तेच्यावर तुमचं. पयलं तुमचंच टाकलं बगा, शबूद दिल्ता ना!" त्यांच्या आवाजात शब्द पाळल्याचं समाधान होतं. मी बरं म्हटलं. खरंच बरं म्हटलं, आणि फोन पर्समध्ये टाकला.

चाकणच्या चौकात सकाळी अडकलं की तासभर गेला, म्हणून मी आतल्या रस्त्याने निघाले, निघोज्यावरून कुरुळीला. तिथेही ट्रेलर उभे होते, एकामागे एक, नव्या गाड्या पाठीवर घेऊन. मी त्यांच्या आणि नाल्याच्या मधून स्कूटर घातली. एरवी असं कुणी करताना दिसलं तर मी शिव्या देते. एप्रिलचं ऊन हेल्मेटमध्ये उकळत होतं. दोन चमचे खिमट, मी हिशेब करत होते, दीड किलोतले दोन चमचे. चक्कीच्या पात्यांना चिकटून किती राहिलं असेल? पहिल्या मुठीत गेलं असेल सगळं. पहिली मूठ डब्यात तळाला गेली, मग मी डबा पाकिटांत ओतला, म्हणजे तळाचं शेवटच्या पाकिटात. आज कुठलं पाकीट उघडलं? तारीख सगळ्यांवर एकच. क्रमांक घातले नव्हते. क्रमांक का घातले नाहीत? मग मला तो वास आठवला. सगळ्याच पाकिटांना येत होता, सारखा, खमंग, घरभर. तो वास कशाचा होता हे माझ्या नाकाला कळायला हवं होतं. मी सांगलीकडची, आमच्या रानात भुईमूग होता, लहानपणी ओल्या शेंगा उकडून आम्ही टोपल्याने खाल्ल्या. तीन महिने घरात शेंगदाणा नव्हता तर नाक त्या वासाला भुकेलं झालं होतं, आणि म्हणून मला तो आवडला. माझ्याच नाकाने मला फसवलं.

कुरुळीच्या वळणावर वाहतूक ठप्प होती तेव्हा मुकुंदला फोन लावला. तो मारुंजीच्या ऑफिसात, म्हणजे माझ्यापेक्षा लांब. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तू त्यांना सांगितलं नव्हतंस? शेंगदाण्याचं?" "नाही." "विचारलंही नाहीस?" तो रागावून म्हणाला नव्हता. तो कधी रागावत नाही, तो फक्त माहिती विचारतो. "मी निघतो," तो म्हणाला, "तू थेट भोसरीला ने त्याला." मी फोन ठेवला. साहेबरावांना सांगायला काय झालं होतं? लाज वाटली होती, हे खरं. शेंगदाणा सोसत नाही म्हटलं की लोक कसे बघतात ते मी पाहिलं होतं. शहरात आल्यावर पोरं नाजूक निघतात, आईच्याच दुधात काही कमी असणार, असं ते बोलत नाहीत, नुसतं बघतात. गावठाणातल्या त्या चार बायकांसमोर मला ते ऐकायचं नव्हतं. मला त्यांना मशीन धुतलंय का असं विचारायचं होतं, जाणकारासारखं. मग चिंबळीचा फाटा आला, पुलावरून इंद्रायणी आली, पाणी हिरवं आणि तळाला गेलेलं. अकरा वाजून चार मिनिटं. मी मोठ्याने काहीतरी बोलत होते. शेजारच्या मोटरसायकलवाल्याने माझ्याकडे बघितलं तेव्हा कळलं की मी नको, नको, नको म्हणते आहे.

लिफ्ट आठव्या मजल्यावर होती. चार जिने चढले. किल्ली लागेना, लागली. घरात शांतता होती. सगळ्यांत आधी ओटा दिसला, आणि ओट्यावर केयूरची चांदीची वाटी. वाटीच्या कडेला खिमट वाळून चिकटलेलं होतं, चमचा आत आडवा. शेजारी कात्रीने कापलेलं नवीन पाकीट. आतल्या खोलीत दुर्गाबाई खाली बसल्या होत्या, केयूर गादीवर उताणा झोपलेला. अकराला तो जागा असतो. "कामून झोपलाय हा?" मी विचारलं. त्यांचाच शब्द माझ्या तोंडून निघाला. त्या दचकून उठल्या. "ताई? तुमी? आत्ताच झोपला बगा, आज लवकर भूक लागली म्हून दहालाच खाल्लं त्यानं. मगाशी कोनी दार वाजवलं, म्या न्हाई उघडलं." "खिमट दिलंत?" "हाव, दिलं की." "नवीन पाकिटातलं?" "हाव. समदं खाल्लं लेकरानं."

मी त्याला उचललं. मान लुळी पडली, झोपेत पडते तशी की निराळी, मला कळेना. ओठ बघितले. पापण्या बघितल्या. झबलं वर करून पोट बघितलं, पाठ बघितली, काखेत लाल दिसलं आणि मी ओरडले, ते घामोळं होतं, सकाळपासूनचं. त्याच्या छातीला कान लावला. शिट्टी ऐकू येईना, पण माझ्याच कानांत इतकं धडधडत होतं की ऐकू आली असती असंही नाही. "औषध," मी म्हटलं, "फ्रिजमधलं औषध आणा. मग माझ्याबरोबर खाली चला, भोसरीला जायचंय. त्यात शेंगदाणा होता, दुर्गाबाई. गिरणीत शेंगदाण्यावर दळलं ते." दुर्गाबाई जागच्या हलल्या नाहीत. मी पुन्हा ओरडले. त्या गेल्या, बाटली घेऊन आल्या, पण मला देईनात. दोन्ही हातांत धरून उभ्या राहिल्या. परभणीकडची काळीसावळी, हाडाने मोठी बाई, खालच्या चाळीत राहते, चार महिन्यांत तिच्या डोळ्यांत पाणी मी बघितलं नव्हतं. "नगा देऊ ताई औशद," त्या म्हणाल्या. "न्हाई खाल्लं त्यानं खिमट."

"आत्ता म्हणालात दिलं."

"खोटं बोलले."

आत्ता खोटं बोलताय की मघाशी बोललात, असं मी विचारलं असावं. घाबरलेली माणसं काहीही बोलतात, माझ्या कंपनीत मी हे रोज बघते, तपासणी केली का म्हटलं की हो, माल परत आला की नाही. खरं काय ते मला आत्ताच्या आत्ता हवं होतं आणि ते या बाईच्या तोंडावर अवलंबून होतं. उगाच औषध दिलं तर फार काही बिघडणार नव्हतं. न देता ती खोटी निघाली तर? "कधीच खात न्हाई तो ते, ताई. पयल्या आठवड्यापासून. चमचा न्हेला की थुंकतोय, रडतोय, ओकतोय. तुमी एवढ्या हौसेनं करताव, तुमाला कसं सांगू? म्या माझ्या घरून कण्या आनते. ज्वारीच्या. त्येच खातोय." "आणि वाटी?" "खिमट रोज शिजवते, तुमाला दिसावं म्हून वाटीत काढते, मंग डब्यात भरून मालकाला न्हेते. त्यांचं पोट बिघडलंय रातपाळीनं, त्यांना पचतंय." मी केयूरच्या तोंडाजवळ नाक नेलं. त्याचं तोंड अर्धवट उघडं होतं. ज्वारीचा वास, थोडं तूप, ताक. मी पुन्हा हुंगलं. माझ्या नाकावर माझा विश्वास उरला नव्हता तरी मी हुंगत राहिले, कारण दुसरं काही नव्हतं.

"आणि तुमच्या घरी?" मी विचारलं. मी माझ्या घरातला शेंगदाणा काढला, बरण्या काढल्या, भांडं काढलं, आणि ज्या बाईच्या बोटांनी माझा मुलगा जेवतो तिच्या घरी काय शिजतं हे मला एकदाही विचारावंसं वाटलं नव्हतं. "आमच्या घरी संक्रांतीपासून शेंगदाना आनला न्हाई," दुर्गाबाई म्हणाल्या. "मालक बोंबलतेत, चटनीवाचून भाकर उतरत न्हाई म्हनतेत. म्या म्हनलं, माज्या हाताला लागून लेकराला गेलं तर? कण्या बी घरीच खलबत्त्यात भरडते. गिरनीत न्हाई टाकत. तितं कोन काय टाकतंय, काय सांगावं."

मी केयूरला मांडीवर घेऊन भिंतीला टेकून बसले. मुकुंदला फोन केला, सांगितलं, ये, पण हळू ये. औषधाची बाटली आम्हा दोघींच्या मध्ये फरशीवर ठेवली होती आणि भिंतीवरच्या घड्याळात साडेअकरा, मग पावणेबारा झाले. त्याचा श्वास एकसारखा चालला होता. खरं सांगायचं तर मला आनंद झाला नाही. मुलगा वाचला एवढं कळल्यावर जे वर आलं तो राग होता, आणि साधासुधा नव्हता, या बाईला घराबाहेर काढावं असा होता. चार महिन्यांचे माझे शनिवार तिच्या नवऱ्याच्या, ज्योतीरामच्या पोटात गेले होते. रात्री अकरापर्यंत पंचावर बोट फिरवून खडे वेचलेले, पाठ मोडलेली, पाकिटांवर तारखा घातलेल्या. मी ऑफिसात छाती काढून सांगत होते, माझ्या हातचं खातो. दर रविवारी मी त्याला भरवायची तेव्हा तो मान वळवायचा, किंचाळायचा, आणि मी समजायची की हा खाण्यातच कटकट्या आहे, दुर्गाबाईंची मात्र कमाल आहे. त्यांना मी साडी दिली होती त्याबद्दल. त्यांनी ती घेतली होती. हे सगळं माझ्या घशाशी आलं होतं आणि मी ते बोललेही असते, पण बोलायचं म्हटलं की पुढचं वाक्य दिसत होतं. या बाईने मी सांगितलं ते ऐकलं असतं तर आज मी भोसरीच्या वाटेवर असते. हे दोन्ही एकाच वेळी खरं होतं, आणि मला यातलं एकही नको होतं.

दुर्गाबाई पदराने तोंड पुसून म्हणाल्या, "उद्यापासून येऊ का नको, ते सांगा, ताई." तेवढ्यात केयूर उठला. डोळे चोळले, मला बघून गोंधळला, या वेळी मी घरात असण्याची त्याला सवय नाही. मग दुर्गाबाईंना बघून हात पसरले. त्या पुढे झाल्या नाहीत, माझ्याकडे बघत थांबल्या. "भूक लागली असंल," त्या म्हणाल्या. "दहाला थोडंच खाल्लंय. डब्यात हाय अजून." "आणा," मी म्हणाले. "मी भरवते."

स्टीलचा छोटा डबा, वर फडकं बांधलेलं. कण्या मऊ शिजलेल्या, ताकात कालवलेल्या, वर तुपाचा पिवळा थेंब. मी आधी स्वतः चाखल्या. मीठ कमी होतं, बाकी चांगल्या होत्या. केयूरला मांडीवर नीट बसवून चमचा त्याच्या तोंडाजवळ नेला. त्याने ओठ घट्ट मिटले. मान डावीकडे वळवली, चमचा डावीकडे नेला तर उजवीकडे. कण्या त्याच होत्या, चमचा तोच होता. "खा ना रे राजा," मी म्हटलं, आणि माझ्या आवाजाने तो रडवेला झाला, दर रविवारी होतो तसा. चमच्याचा आणि माझ्या तोंडाचा त्याच्या डोक्यात एक मेळ बसलेला आहे हे मला तेव्हा दिसलं. तो अन्न नाकारत नव्हता. माझ्या पाठीमागे दुर्गाबाई उभ्या होत्या. त्यांनी तोंड उघडलं असावं, मोठ्ठा आ केला असावा, कारण केयूर माझ्या खांद्यावरून वर बघायला लागला, त्याचा चेहरा निवळला आणि तोंड उघडलं. मी चमचा आत घातला. त्याने गिळलं. नजर वरच होती, माझ्याकडे नव्हतीच. दुर्गाबाईंची बांगडी वाजली, त्या डबा झाकायला वळल्या असाव्यात, आणि त्याने लगेच ओठ मिटले.

मी मागे वळले नाही. दुसरा चमचा भरला आणि म्हटलं, "दुर्गाबाई, हलू नका. अशाच उभ्या राहा."